केमिस्ट्री डेटाबेसमध्ये पदार्थ सापडत नाही? या क्रमानं तपासा

आधी लक्षणं. यातलं एक जरी जुळलं तरी पुढचं वाचा.

- पदार्थाचं नाव टाकलं की शून्य निकाल. बाटली मात्र समोर टेबलावर ठेवलेली आहे.
- नाव टाकल्यावर हजारो निकाल, आणि पहिल्या दोन पानांत आपला पदार्थ नाही.
- स्ट्रक्चर, म्हणजे रेणूचं चित्र, काढून शोधलं. हुबेहूब जुळणारं काहीच नाही, सबस्ट्रक्चरमध्ये (तो तुकडा पोटात असलेल्या मोठ्या रेणूंच्या शोधात) मात्र मोजता येणार नाहीत इतके.
- काल विभागात चालत होतं, आज कोथरूडच्या रूमवर बसून उघडलं तर पासवर्ड मागतंय किंवा ‘तुमच्या संस्थेला प्रवेश नाही’ म्हणतंय.
- पदार्थ सापडला, पण मेल्टिंग पॉइंट लॅबमधल्या वहीशी जुळत नाही.

पुण्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शोध घ्यायला मदत करणं हे माझं काम. एम.एस्सी.चे प्रोजेक्ट सुरू झाले की आणि पीएचडीच्या सिनॉप्सिसची तारीख जवळ आली की हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते. शून्य निकाल दिसला की बहुतेक जण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. डेटाबेस बिघडलाय, किंवा आपला रेणू नवा आहे. दुसरा निष्कर्ष जास्त घातक, कारण तो सिनॉप्सिसमध्ये जातो आणि वर्षभरानं परीक्षक एका ओळीत खोडून काढतात. शून्य निकालाचं कारण बहुतेक वेळा विचारण्याच्या पद्धतीत असतं, आणि ते फुकटात, बसल्या जागी शोधता येतं.

खालच्या तपासण्या सोप्यापासून अवघडापर्यंत लावल्या आहेत. सायफाइंडर आणि रिॲक्सिस हे दोन मोठे डेटाबेस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, तरी बराचसा भाग कुठल्याही डेटाबेसला लागू पडेल. एक सूचना आत्ताच देते: या लेखात आकडे देवनागरीत आहेत, ते इथून उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवू नका. तिथे इंग्रजी आकडेच लागतात. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू ठेवून कॅस नंबर (पदार्थाचा ओळख क्रमांक, त्याबद्दल पुढे) टाकणारे आणि ‘नंबर चुकीचा आहे’ हे उत्तर बघून गोंधळणारे विद्यार्थी मला दर सत्रात भेटतात.

आधी दार उघडं आहे का ते बघा

विद्यापीठाचं सदस्यत्व साधारणपणे आयपी पत्त्यांवर चालतं. विद्यापीठाच्या नेटवर्कला ठरावीक पत्ते दिलेले असतात आणि त्या पत्त्यावरून आलेल्यालाच डेटाबेस आत घेतो. तुम्ही आवारातच बसला आहात, पण लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे, तर डेटाबेसच्या दृष्टीनं तुम्ही बाहेरचे. हॉस्टेलचं वाय-फाय कधी विद्यापीठाच्या नेटवर्कवर असतं, कधी वेगळ्या कंपनीचं असतं. ब्राउझरमधलं किंवा फोनमधलं व्हीपीएन चालू असेल तर तुमचा पत्ता पुण्याचाही राहत नाही.

म्हणून पहिलं काम: हॉटस्पॉट बंद, व्हीपीएन बंद, विभागातल्या लॅनच्या संगणकावर बसून तीच लिंक उघडा. तिथे चालली तर डेटाबेस ठीक आहे, प्रश्न तुमच्या जोडणीचा आहे. घरून काम करायचं असेल तर ग्रंथालयानं दिलेली दूरस्थ प्रवेशाची सोय वापरा आणि सुरुवात तिथूनच करा. गुगलवरून थेट डेटाबेसच्या पानावर गेलात तर तुम्ही कुठल्या संस्थेचे ते त्याला कळणार कसं?

सायफाइंडरला आयपी पुरेसा नसतो, स्वतःचं खातंही लागतं. ते संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेनं दिलेल्या नोंदणीच्या लिंकवरून काढायचं असतं. पुष्टीचा ईमेल आला की त्यातली लिंक लगेच दाबा, ती थोडाच वेळ चालते. जीमेलवरून नोंदणी होत नाही म्हणून मित्राचं खातं वापरणारे असतात. पाषाणला एनसीएल किंवा आयसर या संशोधन संस्थांमध्ये ओळखीचं कुणी असलं की हा मोह होतो. तसं करू नका. खातं एका व्यक्तीच्या नावावर असतं, आणि गैरवापर लक्षात आला तर त्या मित्राच्या संस्थेला उत्तर द्यावं लागतं.

नाशिक, अहिल्यानगर किंवा जिल्ह्यातल्या संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं सांगते. विद्यापीठाशी संलग्न असलं म्हणजे डेटाबेसच्या करारात तुमचं महाविद्यालय धरलेलं असेलच असं नाही. करारात कुणाला परवानगी आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या वाचकालाही वापर करता येतो. पुण्याला यायच्या आधी ग्रंथालयाला फोन करून विचारा, ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचं पत्र लागतं का तेही विचारा. एसटीचा प्रवास वाया जाणार नाही.

आणखी एक गैरसमज. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली. ती सोय नियतकालिकं वाचण्यासाठी आहे. पदार्थांचा डेटाबेस हे वेगळं सदस्यत्व असतं. पेपर उघडतोय म्हणून सायफाइंडरही उघडेल असं धरून चालू नका.

स्ट्रक्चर काढायची खिडकी कोरीच राहत असेल तर दुसरा ब्राउझर घ्या, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बंद करा. जावा बसवा असं सांगणारी जुनी माहितीपत्रकं विभागात फिरत असतात. ती काढून टाका, त्याची गरज राहिलेली नाही.

नाव सोडा, नंबर धरा

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा.

नावानं शोधणं हा सगळ्यात कमकुवत मार्ग. एकाच पदार्थाला पद्धतशीर नाव असतं, व्यवहारातलं असतं, औषध कंपनीचं असतं, आणि इंग्लंड-अमेरिकेच्या स्पेलिंगचा फरक असतो. आपल्याकडे पॅरासिटामॉल म्हणतात, अमेरिकी साहित्यात तोच ॲसिटामिनोफेन असतो. सल्फेटमध्ये ‘पीएच’ लिहायचं की ‘एफ’, ॲल्युमिनियममध्ये शेवटचा ‘आय’ लिहायचा की गाळायचा, याचाही फरक पडतो. मोठे डेटाबेस यातली बरीच रूपं ओळखतात, पण सगळी ओळखत नाहीत. पीडीएफमधून उचललेलं नाव तर हमखास दगा देतं. ओळ तुटते तिथे जास्तीची आडवी रेघ येते, साध्या रेघेच्या जागी लांब रेघ येते, अल्फा-बीटाच्या जागी चौकोन येतो. डोळ्यांना नाव बरोबर दिसतं, डेटाबेसला दिसत नाही. अशा वेळी नाव हातानं टाइप करून बघा. मिनिटभराचं काम आहे.

त्याहून चांगलं म्हणजे बाटली हातात घ्या. लेबलवर कॅस नंबर छापलेला असतो. केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिस, म्हणजे कॅस, ही अमेरिकन केमिकल सोसायटीची शाखा १९०७ पासून रसायनशास्त्राचं साहित्य नोंदवते. १९६५ पासून तिथे प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र क्रमांक दिला जातो. आज त्या नोंदवहीत २० कोटींहून जास्त पदार्थ आहेत. नंबरला रासायनिक अर्थ नसतो, त्यावरून रेणूची रचना कळत नाही. पण एक नंबर म्हणजे एकच पदार्थ, आणि शोधाला तेवढंच हवं असतं.

नंबर तीन तुकड्यांत असतो. पहिल्यात दोन ते सात अंक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. हा शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो, आणि त्यामुळे लेबल पुसट असलं तरी वाचलेला नंबर बरोबर आहे का ते कागदावर तपासता येतं. कॅफिनचा नंबर घ्या, ५८-०८-२. शेवटचा २ बाजूला ठेवा. उरले ५, ८, ०, ८. उजवीकडून सुरुवात करून १, २, ३, ४ नं गुणत जा: ८ गुणिले १ म्हणजे ८, ० गुणिले २ म्हणजे ०, ८ गुणिले ३ म्हणजे २४, ५ गुणिले ४ म्हणजे २०. बेरीज ५२. एकक स्थानी २ आला, म्हणजे नंबर जुळला. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ही बेरीज जवळजवळ हमखास चुकते, बाकीच्या बहुतेक चुकाही पकडल्या जातात. इंडेंट (रसायनांची मागणी) भरताना आणि वहीत नोंद करतानाही ही सवय ठेवा.

बाटली नसेल, पदार्थ फक्त पेपरमध्ये वाचला असेल, तर नंबर फुकटात मिळवायच्या दोन चांगल्या जागा आहेत. कॅस कॉमन केमिस्ट्री कॅसनंच खुली ठेवली आहे. तिथे सुमारे ५ लाख नेहमीचे पदार्थ आहेत आणि नंबर थेट मूळ नोंदीतून येतो. दुसरी जागा पबकेम, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची, २००४ पासून चालू. ती खूप मोठी आहे, पण तिथली माहिती अनेक ठिकाणांहून गोळा होते, त्यामुळे एका पदार्थाखाली कधी दोन-तीन कॅस नंबर दिसतात. गोंधळ वाटला तर कॉमन केमिस्ट्रीवर पडताळा. यासाठी आयपी, पासवर्ड, करार काहीच लागत नाही. रूमवर बसून, एसटीत बसून फोनवरही होतं.

नंबर सापडला, पण तो तुमच्याच पदार्थाचा आहे का?

पदार्थ सापडला तरी रेफरन्स दोनच दिसतात किंवा मेल्टिंग पॉइंट जुळत नाही, याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

मोरचुदाचं उदाहरण बघा. निळे खडे म्हणजे पाच रेणू पाणी धरून असलेलं कॉपर सल्फेट, त्याचा नंबर ७७५८-९९-८. तापवून पाणी काढल्यावर उरते ती पांढरी भुकटी, तिचा ७७५८-९८-७. कॅसच्या दृष्टीनं हे दोन वेगळे पदार्थ, दोन वेगळ्या नोंदी, दोन वेगळ्या रेफरन्सच्या याद्या. त्यातही अनेक लेखक पेपरात पाण्याचा उल्लेखच करत नाहीत, त्यामुळे खड्यांवर झालेलं बरंचसं काम निर्जल रूपाच्या नोंदीखाली गेलेलं असतं. एकाच नंबरवर शोध घेऊन थांबलात तर अर्धं साहित्य हातातून निसटतं.

हेच उजव्या-डाव्या रूपांचं, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या रेणूंचं. लॅक्टिक ॲसिड नुसतं म्हटलं, किंवा दोन्ही रूपांचं मिश्रण असलं, तर ५०-२१-५. एल रूप ७९-३३-४. डी रूप १०३२६-४१-७. दह्यावर, किण्वनावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यानं तिन्ही नंबर एकत्र टाकून शोधायला हवं. औषधांच्या बाबतीत मूळ रेणू आणि त्याचं हायड्रोक्लोराइड वेगळं. बाजारात गोळी हायड्रोक्लोराइडची असते आणि विद्यार्थी मूळ रेणूखाली विद्राव्यता शोधत बसतो.

रेणुसूत्रानं शोधणाऱ्यांची क्षारांपाशीच अडचण होते. डेटाबेसमध्ये कार्बन आधी, मग हायड्रोजन, मग बाकीची मूलद्रव्यं इंग्रजी वर्णक्रमानं लिहितात. पुस्तकातला क्रम टाकला तरी बरेच डेटाबेस तो स्वतः लावून घेतात. पण सेंद्रिय ॲसिडच्या क्षाराचं काय होतं ते माहीत असावं लागतं. कॅसच्या नोंदीत सोडियम बेंझोएट हे बेंझोइक ॲसिड आणि सोडियम असे दोन भाग करून, मध्ये टिंब देऊन लिहितात, आणि ॲसिडचा हायड्रोजन तसाच ठेवतात. बाटलीवरचं सूत्र जसंच्या तसं टाकलं तर ते मिळत नाही. आणि लहान-मोठ्या लिपीकडे लक्ष द्या. कोबाल्टच्या चिन्हातलं दुसरं अक्षर मोठं पडलं की तो कार्बन आणि ऑक्सिजन होतो.

पबकेममध्ये प्रत्येक पदार्थाला ‘इन्ची-की’ नावाची २७ खुणांची ओळख दिलेली असते. तिचा पहिला १४ अक्षरांचा तुकडा रेणूचा सांगाडा सांगतो, पुढचा तुकडा स्टिरिओसारखे (अणूंच्या त्रिमितीतल्या मांडणीचे) तपशील. दोन पदार्थांचा पहिला तुकडा सारखा आणि दुसरा वेगळा असेल, तर सांगाडा एकच आणि फरक बहुधा उजव्या-डाव्या रूपाचा किंवा दुहेरी बंधाच्या मांडणीचा. आपल्या पदार्थाची सगळी भावंडं गोळा करायची असतील तर तो पहिला तुकडाच शोधात टाका. ही युक्ती फार कमी जण वापरतात.

स्ट्रक्चर काढून शोधताना

नवा रेणू असेल तर नंबर नसतोच, स्ट्रक्चर काढावं लागतं. इथे निकाल शून्य आला तर आधी चित्राकडे नीट बघा. बंध एकमेकांवर पडलेले दिसतात पण जोडलेले नसतात, म्हणजे डेटाबेसला ते दोन वेगळे तुकडे वाटतात. किंवा कॅनव्हासच्या कोपऱ्यात चुकून पडलेला एक टिंबाएवढा बंध किंवा एकटा कार्बन राहिलेला असतो, आणि डेटाबेस तुमचा रेणू त्या तुकड्यासकट शोधत बसतो. चित्राच्या खाली रेणुसूत्र आणि रेणुभार दाखवलेला असतो. तो तुमच्या हिशेबाशी ताडून पाहा. या एका नजरेत बहुतेक चुका सापडतात. केमड्रॉ या रेणू काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेणू आधीच काढलेला असेल तर पुन्हा काढू नका. ‘स्माइल्स’ (रेणूची रचना अक्षरांच्या एका ओळीत) म्हणून कॉपी करा आणि इकडे चिकटवा.

चित्र बरोबर असूनही काही नाही? मग स्टिरिओच्या भरीव आणि तुटक रेषा काढून साध्या करा. तुम्ही एक रूप मागता आणि नोंद दुसऱ्या रूपाची, किंवा रूप न सांगितलेली असते. त्यानंतर कीटो-ईनॉलचा, म्हणजे एका हायड्रोजनची आणि दुहेरी बंधाची जागा बदलून होणाऱ्या एकाच पदार्थाच्या दोन रूपांचा, विचार करा. हळदीतला कुर्क्युमिन दोन्ही रूपांत लिहिला जातो. एक काढून सापडला नाही तर दुसरा काढा. क्षार असेल तर ॲसिड किंवा बेस तेवढा ठेवून शोधा.

सबस्ट्रक्चर शोधाचं दुखणं उलटं. तिथे मोकळ्या राहिलेल्या प्रत्येक जागी काहीही जोडलेलं चालेल असं डेटाबेस धरतो. नुसतं इंडोलचं कडं काढलं तर जगातली सगळी इंडोल येणार. ज्या जागी दुसरं काही नको आहे तिथे कुलुपाचं साधन वापरून ती जागा बंद करा. कड्याला आणखी कडी जोडलेली नको असतील तर कड्यालाही कुलूप लावा. जिथे बदल चालेल तिथे तो किती चालेल ते सांगा. सायफाइंडरमध्ये ‘एक्स’ म्हणजे कुठलाही हॅलोजन, ‘एम’ म्हणजे कुठलाही धातू, ‘ए’ म्हणजे हायड्रोजन सोडून काहीही, ‘क्यू’ म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन सोडून काहीही. ही चार अक्षरं पाठ करून ठेवा, तासांचं काम मिनिटांत होतं.

चित्र काढून न सापडणारे पदार्थ

काही पदार्थांच्या बाबतीत स्ट्रक्चरचा हट्ट सोडावा लागतो, आणि पुण्यातल्या प्रोजेक्टांत नेमके हेच जास्त असतात.

*नॅनोकण.* झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांना वेगळा कॅस नंबर नसतो. साध्या झिंक ऑक्साइडचाच, १३१४-१३-२. कणाचा आकार लहान झाला म्हणून पदार्थाची नोंद बदलत नाही. म्हणून आधी पदार्थ पकडा, त्याचे रेफरन्स उघडा आणि मग त्यात ‘नॅनो’ असलेल्या शब्दांनी चाळा. थेट ‘झिंक ऑक्साइड नॅनोपार्टिकल’ असा पदार्थ शोधाल तर हाती काही लागत नाही.

*पॉलिमर.* कॅसमध्ये पॉलिमर साधारणपणे तो ज्या मोनोमरपासून बनतो त्यावरून नोंदवतात. पॉलिॲनिलिनची नोंद (२५२३३-३०-१) बेंझिनअमीनचा होमोपॉलिमर अशी आहे. साखळीचा एक तुकडा काढून शोधणाऱ्याला हे कसं कळावं? मोनोमर शोधा, त्याच्या नोंदीवरून पॉलिमरकडे जा.

*धातूंचे कॉम्प्लेक्स.* शिफ बेसचे कॉम्प्लेक्स एम.एस्सी.ला अनेक जण करतात. धातूचा बंध साधा दाखवायचा, बाणानं दाखवायचा की विद्युतभार देऊन वेगळा ठेवायचा, हे प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळं असतं. चित्र जुळवण्यात दुपार घालवू नका. फक्त लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) सबस्ट्रक्चर म्हणून शोधा आणि निकालांतून धातू निवडा.

*वनस्पतींचे अर्क.* कुर्क्युमिन ४५८-३७-७, पण हळदीच्या अर्काचा नंबर वेगळा, ८४७७५-५२-०. अर्क म्हणजे मिश्रण, त्याचं स्ट्रक्चर काढताच येत नाही. पेपरात ‘हळदीचा अर्क’ वापरला असेल तर तो कुर्क्युमिनच्या यादीत येईलच असं नाही.

निकाल जास्त आले तर

हे त्यामानानं सोपं. पदार्थावरून रेफरन्सकडे गेल्यावर डाव्या बाजूच्या चाळणीत पदार्थाची भूमिका निवडा: तयार करणं, विश्लेषण, जैविक परिणाम वगैरे. तुम्हाला कृती हवी असेल तर फक्त ‘तयार करणं’ ठेवा. वर्ष आणि भाषा त्यानंतर. उलट क्रमानं चाळलं तर जुने पण मूळ कृती देणारे पेपर आधीच गळून जातात.

मेल्टिंग पॉइंट, विद्राव्यता, लॉगपी (पदार्थ पाण्यापेक्षा तेलकट द्रवात किती विरघळतो त्याचं माप) यांसारख्या आकड्यांच्या शेजारी ते प्रयोगातून आलेत की गणिती अंदाज आहेत हे लिहिलेलं असतं. अंदाजाचा आकडा प्रबंधात प्रायोगिक म्हणून छापणं ही गंभीर चूक आहे, आणि ती परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही. प्रायोगिक आकड्याखाली मूळ पेपर दिलेला असतो, तो उघडून परिस्थिती वाचा.

एका ठिकाणी नाही म्हणजे कुठेच नाही असं नव्हे

इथवर सगळं करून अजून शून्य असेल तर दुसऱ्या डेटाबेसमध्ये बघा. रिॲक्सिस २००९ पासून आहे, पण त्याच्या पोटात बाइलस्टाइनचं सेंद्रिय रसायनाचं आणि ग्मेलिनचं असेंद्रिय रसायनाचं जुनं भांडार आहे. बाइलस्टाइनच्या कोशाची पहिली आवृत्ती १८८१ ची. जुनी जर्मन कृती शोधायला मी विद्यार्थ्यांना आधी तिकडेच पाठवते. भारतीय विद्यापीठांतले सगळे प्रबंध या डेटाबेसांत येत नाहीत. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटचं शोधगंगा बघा. शेजारच्याच विद्यापीठात तुमचा रेणू आधी कुणीतरी केलेला असू शकतो.

इथे थांबा आणि माणसाला विचारा

*सगळ्या विभागाचाच प्रवेश बंद पडला असेल तर* स्वतः खटपट करू नका, ग्रंथालयाला लगेच कळवा. कुणीतरी स्क्रिप्ट लावून शेकडो नोंदी किंवा पेपर एकदम उतरवले की प्रकाशक तो पत्ताच बंद करतात, आणि सगळ्या संस्थेला त्रास होतो. ते ग्रंथपाल आणि प्रकाशक यांच्यात सोडवावं लागतं. तुम्हीच स्क्रिप्ट लावली असेल तर ती बंद करून तसं सांगा, उलगडा लवकर होतो.

*पेटंट घ्यायचं असेल तर* शून्य निकालावर विसंबू नका. पेटंटांत एका सर्वसाधारण चित्रात हजारो रेणूंवर हक्क सांगितलेला असतो, त्याला मार्कुश रचना म्हणतात. त्यातल्या प्रत्येक रेणूला नंबर दिलेला नसतो, त्यामुळे साध्या शोधात ते दिसत नाहीत. त्याचा शोध वेगळा घ्यावा लागतो आणि त्याचा अर्थ लावणं हे पेटंट एजंटचं काम आहे. संस्थेतल्या बौद्धिक संपदा कक्षाकडे जा. तिथे जाण्याआधी पोस्टर, पेपर, कुठेही काही जाहीर करू नका.

*पदार्थाच्या धोक्याबद्दल शंका असेल तर* डेटाबेसमधल्या दोन ओळींवर प्रयोग सुरू करू नका. पुरवठादाराचं सुरक्षा माहितीपत्रक, तुमचे गाईड आणि लॅबचे सुरक्षा प्रमुख, तिन्हींना विचारल्याशिवाय तापवणं, दळणं, मोठ्या प्रमाणात करणं नको. नवा रेणू असेल तर तो घातक आहे असं धरूनच हाताळा. अंगावर किंवा डोळ्यात काही गेलं असेल तर शोध घेत बसू नका. पाण्याखाली धरा आणि लेबलसकट दवाखाना गाठा.

*बाकी काही नसेल, फक्त सापडतच नसेल,* तरी ग्रंथालयात या. येताना चार गोष्टी आणा: काय टाकून शोधलं त्याची तंतोतंत नोंद, स्क्रीनचा फोटो वेळेसकट, ज्या पेपरात किंवा बाटलीवर पदार्थ पाहिला तो पेपर किंवा लेबलचा फोटो, आणि रेणूची केमड्रॉ फाइल. ‘सापडत नाही’ एवढंच सांगितलंत तर आम्हाला पहिल्या तपासणीपासून सुरुवात करावी लागते. या चार गोष्टी असल्या की आम्ही थेट स्ट्रक्चरच्या खिडकीत बसतो.